एका भित्र्या माणसाचे इंजिन

“भय म्हणजे काय हे ज्याला कधी ठाऊकच नव्हते, असा एक नरवीर आज वऱ्हाडाने गमावला आहे.”

अकोल्यास महिन्यापूर्वी भरलेल्या शोकसभेतले अध्यक्षांचे हे वाक्य. त्यानंतर सभा स्तब्ध उभी राहिली. मीही उभा राहिलो, आणि उभ्या उभ्या आठवू लागलो की महादेवमास्तर कशाकशाला भीत असत. पाल. वीज. नदीवरचे पूल. अनोळखी कुत्री, आणि ओळखीची कुत्रीही. उतू जाणारे दूध. शाळा तपासायला येणारे साहेब. आणि सर्वांत जास्त, वाऱ्याने आपटणारे दार… सगळे खाली बसले तेव्हा माझी यादी अर्ध्यावरच होती. अध्यक्षांनी पुढे एक गोष्ट सांगितली. अमरावतीच्या प्रदर्शनात, भर मांडवात, डेप्युटी कमिशनर साहेबांच्या तोंडावर आपल्या इंजिनाची शिट्टी वाजवून या शूर शिक्षकाने परकीय सत्तेची स्तुती कशी बंद पाडली, ती. लोकांचे डोळे पाणावले. ती स्तुती त्या दिवशी कोण करत होते, हे मात्र अध्यक्षांनी सांगितले नाही. अध्यक्ष म्हणजे आपले रावबहादूर. राज्य बदलल्यापासून ते नावामागे ही पदवी लावत नाहीत. त्यांचे नाव मीही लिहीत नाही. ते हयात आहेत आणि अजून भाषणे करतात.

महादेवमास्तर गेल्याची तार मला अमरावतीस मिळाली तेव्हा अकोल्याकडची गाडी सुटून गेली होती. तार म्हटली की माझ्या घरी ती आधी कोणीच उघडत नाही. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात, आणि मग मी चष्मा शोधण्यात जितका वेळ घालवता येईल तितका घालवतो. त्या दिवशी चष्मा नाकावरच होता. पुढच्या गाडीने पोचलो तो सगळे आटोपले होते. अंगणात पाणी मारलेले, गल्लीतली माणसे हळूहळू पांगत होती. तापाने गेले. मी दारात उभा राहिलो, आणि मला एकाएकी त्यांचेच एक जुने वाक्य आठवले. त्यांनी मला एकदा दम दिला होता, की अमुक गोष्ट केलीस तर माझ्या मयताला येऊ नकोस. ती गोष्ट मी केली नव्हती. तरी मयत मात्र चुकले.

आमची ओळख अमरावतीची, शिक्षकांच्या ट्रेनिंगमधली. ते बार्शीटाकळीच्या माळ्याचे पोर, मी चांदूर रेल्वेचा. ते चित्रकलेसाठी आलेले, मी भाषेसाठी. राहायला एकच खोली. पहिल्याच दुपारी वाऱ्याने खोलीचे दार धाडकन आपटले, आणि मी वळून पाहतो तो माझा सोबती खाटेखाली. पाय तेवढे बाहेर. मी हसलो. ते बाहेर आले, धोतराची धूळ झटकली, आणि कोपऱ्यातली एक वीट आणून दाराला लावली. म्हणाले, “हास, हास. पण दाराची वीट काढू नको, भौ.” मग पुष्कळ दिवसांनी त्यांनी कारण सांगितले, तेही माझ्याकडे न पाहता, पेन्सिलीला टोक करत करत. लहानपणी ते वडिलांबरोबर अकोल्याच्या बाजारात वांगी घेऊन बसलेले असताना जवळच्या एका कापसाच्या जिनाचा बायलर फुटला होता. यांना खरचटलेही नाही. “आवाज झाला अन् मंग काहीच ऐकू येईना. बाबा काहीतरी बोलून राह्यले होते, तोंड हालताना दिसे. मी खाली पाह्यलं तं आमच्या वांग्याइच्या ढिगावर एक जोडा येऊन पडला होता. उजव्या पायाचा.” पेन्सिलीचे टोक तुटले. त्यांनी पुन्हा करायला घेतले. “जोडा रिकामा नोता,” ते म्हणाले.

अशा माणसाने वाफेचे इंजिन करायला घ्यावे याचा मला तेव्हाही अर्थ लागला नाही. नोकरी त्यांना अकोल्यास लागली, माझी अमरावतीस, लग्ने झाली, आणि एका सुट्टीत मी त्यांच्याकडे गेलो तो माजघरात वहिनींच्या पापडांच्या डब्याशेजारी लोखंडाची चार चाके मांडलेली. मूर्तिजापुरावरून अचलपूरकडे जाणाऱ्या छोट्या गाडीचे इंजिन त्यांनी मनात धरले होते. फुटाला एक इंच असे माप. तयार झाल्यावर ते मोठ्या बाळाच्या पाळण्याएवढे होणार, आणि नुसते दिसायला नव्हे, तर पाणी, कोळसा, वाफ घालून चालणार. मी विचारले, “तुले बायलरचं एवढं भेव, अन् तूच बायलर घरात आणून राह्यला? काऊन?” ते म्हणाले, “मोठ्याचं भेव वाटते म्हणून लहान करून पाहून राह्यलो.” मग थोड्या वेळाने: “लहान केलं तरी तेवढंच वाटते. पण आता सुरू केलं.”

सुट्टीच्या दिवशी ते मूर्तिजापूरला जात आणि फलाटावर उभे राहून त्या इंजिनाचे रिव्हेट मोजत. जवळ जात नसत; ते फुरफुरत असे. दुरून, छत्रीच्या आडून मोजत. एकदा मीही बरोबर होतो. ड्रायव्हर खाली वाकून म्हणाला, “मास्तर, एवढं निरखून पाहता, इंजिनाचं लगन जमवता काय?” तेवढ्यात इंजिनाने वाफ सोडली आणि महादेवमास्तर सरळ वेटिंग रूममध्ये. पण घरी आल्यावर प्रत्येक रिव्हेट आपल्या जागी होता. पितळी टाचण्यांची डोकी कापून त्यांनी ते बसवले होते, रांगाच्या रांगा, आणि एका रांगेत एक कमी, कारण मूर्तिजापूरच्या इंजिनातही तो पडलेला होता. ड्रायव्हरच्या जागी टोपी अडकवायचा खिळा, दिव्याच्या काचेत खरी काच, कोळशाच्या डब्यात सुपारीएवढे कोळसे. मी थट्टेने म्हणालो की आता ड्रायव्हरला तंबाखूची डबी तेवढी राहिली. पुढच्या खेपेला ती होती.

हे सगळे शोभेचे. खरे काम बायलरचे. आंघोळीच्या जुन्या बंबाचे तांबे घेऊन एका जाणत्या तांबटाकडून त्यांनी तो बनवून घेतला, आणि सांधे जोडायला चांदीचा डाग देताना दिवसभर त्याच्या दुकानात बसून राहिले. पण सेफ्टी व्हॉल्व्ह त्यांनी कोणालाही करू दिला नाही. बायलरच्या पाठीवर बसणारी ती एक करंगळीएवढी पितळी मान होती. आत स्प्रिंगखाली दाबलेली एक टोपी. वाफ हद्दीपलीकडे गेली की टोपी आपोआप उचलली जायची, जास्तीची वाफ ‘फुस्स’ करून बाहेर पडायची, आणि बायलर वाचायचा. बाकी अख्ख्या इंजिनाला लागला नसेल तेवढा वेळ त्या मानेला लागला. घासायचे, बसवायचे, तोंडाने फुंकून पाहायचे, पुन्हा काढायचे. “हे बोललं म्हणजे समजावं का सारं ठीक हाय,” ते मला सांगत. “हे बोललं नाई, तं मंग पळावं.”

पहिला विस्तव घालायला मात्र घरात धीर होईना. त्यांच्या वडील भावाची, पुंडलिकरावांची, बार्शीटाकळीस वांग्याची वाडी होती. तिथे खड्डा खणून बायलर गळ्यापर्यंत मातीत पुरला, विस्तव पेटवला, आणि आम्ही सगळे दूर बांधाच्या आड पालथे पडलो: मास्तर, मी, गिरिजावहिनी. पुंडलिकराव एकटे बांधावर उभे. “महादू,” ते ओरडले, “हे काय माहे वांगे उकडाले आणलं कायरे बावा?” मास्तरांनी माझे मनगट धरले होते, आणि त्यांचा हात बर्फासारखा गार होता. वाफेच्या दाबाचा काटा चढत असणार, पण तो पाहायला तिथपर्यंत जाणार कोण? पाखरेसुद्धा गप्प वाटत होती. वहिनी पुटपुटत होत्या, काय ते ऐकू येत नव्हते. मी मनात त्या जोड्याचा विचार करायचा नाही असे ठरवले, आणि दुसरा कसलाच विचार येईना… मग ‘फुस्स’. मातीतून पांढरी वाफ सरळ वर गेली, जरा थांबली, पुन्हा गेली. मास्तरांनी माझे मनगट सोडले आणि बांधाला टेकून डोळे मिटले. “बोललं,” ते म्हणाले. वहिनींनी उठून पदर झटकला आणि म्हणाल्या, “झालं ना? मंग आता भाकरी खाऊन घ्या.”

ही बातमी कशी कोण जाणे, रावबहादुरांपर्यंत गेली. ते शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष होते, म्हणजे मास्तरांची भाकरी त्यांच्या हातात होती, आणि त्याच वर्षी दसऱ्याला अमरावतीस भरणाऱ्या प्रदर्शनाचेही तेच अध्यक्ष होते. त्यांना एक कल्पना सुचली. मांडवात लांब बाकावर रूळ मांडायचे. इंजिनामागे एक उघडा डबा. डब्यात चांदीच्या तबकात पानाचा विडा. आणि अध्यक्षांनी हात वर करताच ते इंजिन शिट्टी देऊन निघेल आणि डेप्युटी कमिशनर साहेबांच्या खुर्चीपुढे जाऊन थांबेल. इंजिनाला निघण्यापूर्वी मास्तरांच्या कुटुंबाने ओवाळावे, म्हणजे साहेबांना आपली संस्कृती दिसेल. महादेवमास्तर नाही म्हणायला भ्याले. त्यांनी इंजिन गोधडीत गुंडाळून अकोल्याहून आणले तेव्हा बडनेऱ्याला गाडी बदलताना मीच उतरवून घ्यायला गेलो होतो. वाटेतल्या प्रत्येक पुलावर ते डोळे मिटून बसले होते, असे वहिनींनी सांगितले.

दसऱ्याचा दिवस. यंत्राची, हत्यारांची पूजा आदल्या दिवशी खंडेनवमीला घरी झालीच होती, पण रावबहादुरांच्या माणसांना ती मांडवातही हवी होती. वहिनींनी इंजिनाला कुंकू लावले, अक्षता वाहिल्या, पुंडलिकरावांनी वाडीतून पाठवलेला झेंडूचा हार घातला. त्या वेळी मास्तर तिथे नव्हते. साहेबांपुढे कसे उभे राहायचे, किती वाकायचे, याचा पाठ त्यांना पलीकडे दिला जात होता. परत आले तेव्हा एक कार्यकर्ता म्हणाला, “पूजेला आता हात लावायचा नाही हं, फोटो व्हायचा आहे.” त्यांनी हात लावला नाही. खालून विस्तव घातला. रावबहादूर व्यासपीठावर चढले, जाताना मास्तरांच्या कानाशी म्हणाले, “मी हात वर करीपर्यंत कसलीही हालचाल नको,” आणि भाषण सुरू झाले.

मी बाकाच्या टोकाला, रुळांजवळ उभा होतो. वहिनी ओवाळणीचे तबक घेऊन इंजिनाच्या अगदी कुशीत उभ्या. त्यांना तिथेच उभे केले होते. भाषण आर्यावर्ताच्या प्राचीन विमानविद्येपासून निघाले होते आणि वाफेपर्यंत यायला त्याला अवकाश होता. मी वाफेच्या काट्याकडे पाहत होतो. काटा चढत होता, ते ठीकच. तांबड्या रेघेला लागला, तेही ठीक. आता ‘फुस्स’ होईल. मी कान दिला. रावबहादूर रामायणात होते. काटा रेघ ओलांडून गेला… आवाज नाही. मी मास्तरांकडे पाहिले. ते माझ्याकडे पाहत होते. माणसाच्या चेहऱ्यावरून रक्त उतरते म्हणतात. मी ते त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. मला मांडवाची वाट कुठे आहे ते आठवेना. पुढच्या सतरंजीवर शाळेच्या मुली बसल्या होत्या, मागे बायका, त्यांच्यामागे पुरुष, आणि सगळे अगदी शांत, ऐकत होते. फक्त बायलरमधून एक बारीकशी टिकटिक येत होती, तांबे ताणल्यासारखी.

मास्तरांनी दोन बोटांनी झेंडूचा हार जरा वर उचलला. मलाही दिसले. व्हॉल्व्हच्या त्या पितळी मानेला पूजेचा लाल धागा बांधलेला होता. नुसता गुंडाळलेला नव्हे. टोपीवरून घेऊन, खाली आवळून, चांगले वेढे देऊन पक्की गाठ मारलेली. टोपी उचलली जाणे शक्यच नव्हते. इंजिनाच्या अंगावर धागा बांधण्यासारखी मान तेवढी ती एकच होती, आणि रक्षणासाठी बांधायचा धागा गळ्यातच बांधतात.

मास्तर वहिनींकडे झुकले. आवाज असा, की मला तो ओठांवरून वाचावा लागला. “गिरिजा, बाहीर जाय. पाणी आन मले.”

“आता?” वहिनी हसऱ्या तोंडाने, समोर पाहत, पुटपुटल्या. “भाषण चालू हाय ना वो.”

“तान लागली. जाय.”

“सारे पाहून राह्यले. नीट उभे राहा.”

त्या हलल्या नाहीत. धागा ओढून सोडवावा तर एवढी कोंडलेली वाफ एकदम उसळून त्यांच्याच तोंडावर येणार. ओरडावे तर मांडवात चेंगराचेंगरी, आणि मुली पुढे. माझे पाय जमिनीला खिळले होते. हे नम्रतेने सांगत नाही, मी खरोखर प्रयत्न करून पाहिला. मास्तर एकदा काट्याकडे पाहत, एकदा रावबहादुरांकडे. मला वाटते त्या क्षणी दोघांपैकी कशाला जास्त भ्यावे हे त्यांना कळत नव्हते. मग ते वहिनी आणि इंजिन यांच्यामध्ये येऊन उभे राहिले, पाठ वहिनींकडे, छाती बायलरकडे. आणि शिट्टीची साखळी खेचली; वाफेला बाहेर पडायला तेवढीच वाट उरली होती.

रावबहादूर तेव्हा म्हणत होते, “आणि या उदार साम्राज्याच्या शीतल छायेखाली…” पुढचे कोणाला ऐकू आले नाही. एवढ्याशा इंजिनात एवढी शिट्टी असेल असे मलाही वाटले नव्हते. ती संपेचना. मुलींनी कान झाकले, कोणी हसले, कोणी टाळ्या दिल्या. रावबहादूर हात वर करत होते तो थांबा म्हणून, आणि मागच्या लोकांना वाटले हीच खूण. मास्तरांनी एका हाताने साखळी धरून ठेवली होती, दुसऱ्या हाताने डोक्याचे पागोटे काढले, ते हाताला गुंडाळले न गुंडाळले, आणि भट्टीच्या तोंडातून जळते कोळसे ओढून खाली मातीत टाकायला सुरुवात केली. पागोटे पेटले. ते पायाखाली घेऊन उरलेले कोळसे त्यांनी हातानेच काढले. शिट्टी बारीक होत होत गेली, काटा रेघेखाली आला, आणि मग इंजिनाने एक सुस्कारा टाकला आणि ते गप्प झाले. साहेब हसत उठले, चार पावले चालत आले आणि डब्यातला विडा स्वतःच उचलून घेतला. इंजिन वीतभरही चालले नाही.

रावबहादुरांनी सर्वांदेखत विचारले, “हा काय प्रकार आहे, मास्तर?”

“व्हॉल्व्ह चुकला, साहेब,” महादेवमास्तर म्हणाले. “माह्याच हातचा हाय. बसवण्यात चूक झाली.”

त्यांनी आयुष्यात एकच वस्तू निर्दोष केली होती, आणि ती ते चुकली म्हणून सांगत होते. मी तोंड उघडणार तो त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी ते मिटले. मांडवामागे पाण्याच्या माठात त्यांनी भाजलेला पंजा बुडवला. दुसऱ्या हाताने गडबडीत केव्हातरी तोडून घेतलेला लाल धाग्याचा ओला बोळा कोटाच्या खिशातून काढून मला दाखवला, आणि पुन्हा आत घातला. “गिरिजाले हे सांगशील तं माह्या मैताले येऊ नको,” ते म्हणाले. मग ते खाली बसले, आणि बराच वेळ उठू शकले नाहीत.

त्यानंतर मास्तरांना शाळेत फक्त खालच्या इयत्ता मिळत गेल्या. शिट्टी प्रकरणाचा रावबहादुरांवर खोल परिणाम झाला होता. त्याचे देशभक्तीत रूपांतर व्हायला राज्य बदलावे लागले. इंजिनात पुन्हा विस्तव पडला नाही. पण ते बारीकसारीक काम करत राहिले: रुळावर वाळू सोडायची नळी, ड्रायव्हरच्या बसायच्या फळीवर झिजल्याचा डाग. मी जाई तेव्हा ते नवे काय ते दाखवत, आणि त्या दिवसाविषयी आम्ही कधी बोललो नाही. घरात त्यांच्या दोन्ही दारांना वरवंटे लावलेले असत, एक यांच्या घरचा, एक वहिनींच्या माहेरचा. चटणी वाटायची झाली की वहिनी दाराशी येऊन म्हणत, “दार धरा, वरवंटा पाह्यजे,” आणि मास्तर वाटण होईपर्यंत दार धरून उभे राहत.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी वहिनींना भेटायला गेलो. इंजिन माजघरात होते, धुराड्याला लाल धाग्याचे वेढेच वेढे, जुने विटलेले, नवे तांबडे. मी त्याकडे पाहतो आहे हे वहिनींनी पाहिले.

“दर दसऱ्याले तेच पुढं आणून ठेवत,” त्या म्हणाल्या. “मी पूजेचं ताट घेऊन आली का धुराडं माह्याकडं करत अन् म्हणत, इथं बांध. बाकी काई बोलत नसत.”

मी एक विटलेला वेढा बोटाने चाचपून पाहिला.

“भाऊजी, तुमाले काय वाटते, मले समजत नाई? वांग्याच्या वाडीत मी बी होती ना बांधामागं. तो व्हाल काय बोलते अन् काऊन बोलते, मीबी ऐकलं होतं. तवा ध्यानात आलं नाई, ते खरं. घरी येऊन कोट झटकला तं खिशातून धागा पडला. गाठ माहीच होती. धागा मी तेच्यासाठी बांधला होता का यायले काई होऊ नये. तितकं भेव वाटत होतं मले त्या डब्याचं.”

“मग बोलल्या का नाहीत?”

“ते मले सांगाले भेत होते. मी त्यायले सांगाले भेत होती. असाच झाला संसार.” मग म्हणाल्या, “तुमी लिवणार असान तं लिवा. पण धागा म्या बांधला तेबी लिवा. त्यायचा व्हाल चांगला होता.”

मी विचारले, शेवटी फार भ्याले का. वहिनी म्हणाल्या, “नाई. वैद्य निंघाले तवा इतकंच म्हणे, दार हळू लाव.”

तेवढ्यात स्मारक कमिटीची माणसे आली. रावबहादुरांनी पाठवली होती. इंजिन नगरभवनात काचेच्या पेटीत ठेवायचे, खाली संगमरवरी पाटी, पाटीवर ‘निर्भय’ हा शब्द. त्यांनी बराच वेळ समजावले. वहिनींनी ऐकून घेतले आणि विचारले, “अन् मंग दाराले काय लावू?” त्यांना प्रश्न कळला नाही. ते हात जोडून गेले, आणि जाताना पुन्हा येऊ म्हणाले.

मी परवा पुन्हा जाऊन आलो. वारे सुटले होते, गल्लीत सगळीकडे दारे आपटत होती. त्या घरात आवाज नव्हता. माजघराच्या दाराला इंजिन लावलेले आहे, धुराडे भिंतीकडे, मान मोकळी. त्या दाराचा वरवंटा आता वाटणाला सुटा झाला आहे.